परदेशी सेवेला गेलेला सोलापूरचा डॉक्टर : द्वारकानाथ कोटणीस

६ डिसेंबरला आपण सगळे चैत्यभूमीवर असतो. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉल्सइतकीच गर्दी वैद्यकीय शिबिरांसमोर असते. मराठवाड्यातून, विदर्भातून रात्रभर प्रवास करून आलेल्या आयाबाया तिथे रक्तदाब तपासून घेतात, सुजलेल्या पायांना मलम लावून घेतात, कुणी हललेला दात दाखवतात. टेबलामागे बसलेले डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका बहुतेक आपल्याच घरातले असतात. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातून, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांतून शिकून पुढे गेलेली ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे.

बरोबर तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला, आणखी एका डॉक्टरचा स्मृतिदिन येतो. त्या दिवशी आपल्याकडे फारशी गर्दी नसते. पण उत्तर चीनमधल्या एका स्मशानभूमीत त्याच्या समाधीवर फुले वाहिली जातात. हा डॉक्टर सोलापूरचा. नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. ते आंबेडकरी चळवळीतले नव्हते, बौद्धही नव्हते. तरीही, परक्या माणसाच्या दुखण्यासाठी घर सोडून जाणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर त्यांचे आयुष्य आपल्या तरुणांनी वाचायला हवे. आज आपली मुले नेपाळला, श्रीलंकेला, आफ्रिकेला आठ-पंधरा दिवसांच्या वैद्यकीय दौऱ्यावर जायचे स्वप्न पाहतात. त्यांच्यासाठी तर ते अधिकच उपयोगाचे आहे.

सोलापूर ते परळ

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे शहर होते. वडील शांताराम गिरणीत कारकुनी करत. घरात भावंडे पुष्कळ, पगार बेताचा. अशा घरातला मुलगा डॉक्टर व्हायचे ठरवतो तेव्हा तो खर्च सगळ्या घराला पेलावा लागतो. आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

ते मुंबईला आले आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकले. हे कॉलेज आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. इथले शिक्षक भारतीयच असावेत, या आग्रहातून ते उभे राहिले होते. भोवती गिरणगाव होता. क्षयाने खोकणारे, यंत्रात बोटे गेलेले, बाळंतपणात रक्त गेलेले रुग्ण चाळींमधून थेट केईएमच्या दारात येत. त्याच परळच्या चाळीत बाबासाहेबांनी संसाराची अनेक वर्षे काढली होती. त्याच दशकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शारदा कबीर डॉक्टर झाल्या. पुढे त्या आपल्या माईसाहेब झाल्या.

पदवी मिळाल्यावर कोटणीस पुढच्या शिक्षणाची तयारी करत होते. शस्त्रक्रियेकडे ओढा होता. आणखी दोन-चार वर्षांत दवाखाना, घराला हातभार, बहीणभावंडांची जबाबदारी असा सरळ रस्ता समोर होता.

हाक कुठून आली

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला. वर्षअखेरीस नानकिंग शहर पडले आणि तिथे जे हत्याकांड झाले त्याने जग हादरले. चीनकडे सैनिक होते, पण डॉक्टर फार थोडे होते. साध्या जखमा चिघळून माणसे मरत होती.

चीनमध्ये राहून लिहिणाऱ्या अमेरिकन पत्रकार ॲग्नेस स्मेडली यांच्या सूचनेवरून आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले. लोकवर्गणीतून सुमारे २२ हजार रुपये जमले. एक रुग्णवाहिका, औषधे आणि पाच डॉक्टर पाठवायचे ठरले. जो देश स्वतः गुलाम होता, त्याने दुसऱ्या देशाच्या मदतीला पथक पाठवले, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

इथे थोडे थांबून एक गोष्ट नोंदवू. पथक कुणाच्या हौसेखातर निघाले नाही. ज्यांना गरज होती त्यांनी मागणी केली, आणि मग डॉक्टर निघाले. परदेशी सेवेच्या अनेक दौऱ्यांत हा क्रम उलटा होतो. आधी जाणाऱ्याची तारीख ठरते, तिकीट निघते, आणि गरज नंतर शोधली जाते.

पाच जण, एक जहाज

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टविरोधी बाजूने त्यांनी काम केले होते. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर होते, वयाने सगळ्यांत ज्येष्ठ. कलकत्त्याहून डॉ. विजय बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी आले. पाचवे कोटणीस, अठ्ठाविसाव्या वर्षात असलेले.

मुंबईत सरोजिनी नायडू यांच्या उपस्थितीत निरोपाची सभा झाली आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या बोटीने हे पाच जण निघाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, याच मुंबईत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कामगारांच्या संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध मोठा संप घडवला. एकाच शहरातून एकाच काळात माणसे वेगवेगळ्या लढायांवर निघत होती.

सप्टेंबरच्या मध्याला पथक कँटनला पोहोचले. तिथे सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांनी स्वागत केले. तिथून ते हान्कौला गेले. ऑक्टोबर संपेपर्यंत कँटन आणि हान्कौ दोन्ही शहरे जपानच्या हाती गेली. पथक मागे सरकत यिचांगला आणि मग चुंगकिंगला आले. बाँबहल्ले, जखमींची रांग, पुन्हा सामान बांधणे, असे ते दिवस होते.

चुंगकिंगला या पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ह्वा हे अक्षर जोडले होते. ह्वा म्हणजे चीन. कोटणीस झाले ख तिह्वा. तिथले लोक आजही त्यांना याच नावाने ओळखतात.

येनानच्या वाटेवर निघायच्या सुमारास सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. घराचा मोठा आधार गेला होता. परत फिरण्यासाठी याहून मोठे कारण कुठले असते? सहकाऱ्यांनीही परत जाण्याचा विचार त्यांच्यासमोर ठेवला. कोटणीस परतले नाहीत. आपण हा निर्णय आज बसून तोलू नये. एवढे मात्र लक्षात ठेवावे की अशा त्यागाची किंमत जाणारा एकटा देत नाही. मागे राहिलेले घरही देते, आणि इतिहासात त्या घराचे नाव सहसा येत नाही.

येनानच्या गुहा

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. हा पिवळ्या मातीच्या डोंगरांचा भाग आहे. डोंगराच्या पोटात गुहा कोरून लोक राहत, आणि रुग्णालयही गुहांतच होते. आपल्याला कान्हेरी आणि महाकालीच्या लेण्यांची सवय आहे. पण इथे दगड नाही, माती आहे. तिथेच खाटा, तिथेच शस्त्रक्रियेचे टेबल, तिथेच कंदील. जपानची नाकेबंदी होतीच. पुढे चीनमधल्याच सरकारी पक्षाने या भागाची वाट अडवली. औषधे, बँडेज, भूल देण्याचे सामान, सगळ्याचा तुटवडा. वापरलेले बँडेज धुऊन, उकळून पुन्हा वापरायचे. हत्यार नसेल तर गावच्या सुताराकडून, लोहाराकडून बनवून घ्यायचे.

१९३९ मध्येच आजारपणामुळे मुखर्जी परतले, चोळकरही मायदेशी आले. अटल, बसू आणि कोटणीस वर्षाच्या शेवटी आघाडीकडे निघाले. तिकडे कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. पुढे अटल प्रकृतीमुळे भारतात परतले. बसू येनानला कामाला गेले. जपानी फौजांच्या वेढ्याच्या आत असलेल्या शान्सी-चहार-होपै सरहद्द प्रदेशात पाचांपैकी कोटणीस एकटे उरले.

चिनी बौद्ध परंपरेत मंजुश्री बोधिसत्त्वाचे स्थान मानला गेलेला वुताई पर्वत याच प्रदेशात येतो. शतकानुशतके भारतीय आणि मध्य आशियाई भिक्खू सुत्तांची पोथी घेऊन चीनकडे गेले. फाहियान आणि ह्युएनत्संग तिकडून इकडे आले. त्या जुन्या वाटेवर विसाव्या शतकात महाराष्ट्रातला एक माणूस शस्त्रक्रियेची पेटी घेऊन चालत होता. त्याच्या मनात हा धागा किती होता ते बाजूला ठेवू. आपल्या मनात तो असायला हरकत नाही.

काळी आई

१९४० च्या उत्तरार्धात आठव्या रूट आर्मीने जपानी रेल्वेमार्ग आणि ठाण्यांवर मोठी मोहीम उघडली. ती शंभर रेजिमेंटांची मोहीम म्हणून ओळखली जाते. जखमींचे लोंढे येऊ लागले. कोटणीस आघाडीच्या अगदी जवळ, कधी देवळात तर कधी शेतकऱ्याच्या घरात टेबल मांडून शस्त्रक्रिया करत. त्या दिवसांत सलग तीन दिवस-रात्री झोप न घेता त्यांनी काम केल्याचे सांगितले जाते. सावळ्या रंगाच्या, रात्री उठून रुग्णांची चौकशी करणाऱ्या या डॉक्टरला सैनिक काळी आई म्हणत, असेही सांगतात. रंगावरून माणसाला खाली ढकलण्याची रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे. इथे तोच रंग मायेच्या नावात आला.

जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक नेमले. त्याबरोबर वैद्यकीय शाळेत शिकवण्याचे कामही होते. तोवर ते चिनी भाषा बोलायला, वाचायला शिकले होते. वर्गात ते चिनी भाषेतच शिकवत. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले, शालेय शिक्षण जेमतेम. त्यांच्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि दुसरे लिहायला घेतले.

ते सैनिकांसारखाच गणवेश घालत, राळ्याचा भात खात. डोंगरवाटेने मैलोन्‌मैल चालत. गावकऱ्यांनाही ते तपासत. रुग्णालय हलवायची वेळ आली की डॉक्टर, विद्यार्थी, गावकरी मिळून रुग्णांना स्ट्रेचरवर घालून दुसऱ्या खोऱ्यात नेत.

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची क्वो छिंग-लान यांच्याशी ओळख झाली. त्या परिचर्या शिकवत. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांनी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनह्वा ठेवले. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते.

९ डिसेंबर १९४२

काही काळापासून त्यांना अपस्माराचे झटके येत होते. त्या भागात त्यावर नीट उपचार नव्हते. सुरक्षित ठिकाणी जाऊन उपचार घ्यावेत, असे वरिष्ठांनी सुचवले. त्यांनी ते टाळले. काम सोडवेना. दिवसा रुग्ण आणि वर्ग, रात्री कंदिलाखाली पुस्तकाचे लेखन.

८ डिसेंबरच्या रात्री झटके सुरू झाले ते थांबेनात. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे, होपै प्रांतातल्या थांग जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्यांचे निधन झाले. वय ३२ वर्षे. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरे पुस्तक अर्धेच राहिले.

पुढे त्यांची समाधी शिच्याच्वांग शहरातल्या उत्तर चीन हुतात्मा स्मशानभूमीत नेण्यात आली. तिथेच बेथ्यून यांचीही समाधी आहे. यिनह्वाने वैद्यकीय शिक्षण घेतले, पण तेही १९६७ मध्ये तरुणपणीच गेला. छिंग-लान यांनी भारताशी नाते तोडले नाही. त्या अनेकदा इथे आल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आठवण आणि विसर

कोटणीस गेल्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिले, आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये डॉ. कोटणीस की अमर कहानी हा चित्रपट काढला. शांताराम स्वतः कोटणीस झाले. आपल्या आजोबांच्या पिढीला हे नाव पडद्यावरून कळले.

नंतर १९६२ चे युद्ध झाले. चीनचे नाव घेणेच अवघड झाले आणि त्याबरोबर कोटणीसही मागे पडले. भारताने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले ते १९९३ मध्ये, चीनने त्याआधीच काढले होते. सोलापुरात त्यांच्या घरी आता स्मारक आहे. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटण्याचा प्रघात राहिला. २०१३ मध्ये पंतप्रधान ली खछ्यांग यांनी मुंबईत त्यांच्या बहिणीची भेट घेतली होती. सीमेवर तणाव असो वा नसो, एका डॉक्टरचे नाव दोन्ही देशांना जोडणारे म्हणून घेतले जाते. सरकारांना त्याचा सोयीप्रमाणे उपयोग होतो, हेही खरे. पण ज्या शेतकऱ्याच्या मुलाची मांडी वाचली, त्याच्यासाठी त्यात राजकारण नव्हते.

आपण काय घ्यायचे

विनयपिटकातली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. एक आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला समजावले की आजाऱ्याची सेवा ही बुद्धाचीच सेवा आहे. जीवक वैद्याचे नावही आपण आदराने घेतो. तेव्हा रुग्णसेवा आपल्याला परकी नाही. प्रश्न ती कशी करायची याचा आहे.

आठ दिवसांचा दौरा वाईट नसतो. उपटलेला किडका दात पुन्हा दुखत नाही, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला दिसू लागते. पण रक्तदाबाच्या दहा गोळ्या देऊन निघून गेलो, तर अकराव्या दिवशी काय? दाताला मुळापर्यंत उपचार हवे असतील आणि आपण फक्त वेदनाशामक दिले, तर पुढे कोण पाहणार? तिथल्या आरोग्यसेविकेला काही शिकवले का? तिथली भाषा येणारा माणूस सोबत होता का? फोटो कुणाच्या परवानगीने काढले? कोटणीस यांच्या चार वर्षांतून या प्रश्नांची उत्तरे मिळतात. त्यांना बोलावले होते. ते तिथल्या लोकांच्या व्यवस्थेखाली काम करत, तिच्या वर नाही. त्यांनी भाषा शिकली. आणि त्यांनी विद्यार्थी घडवले, पुस्तक लिहिले. त्यामुळे ते गेल्यावरही काम थांबले नाही.

हेच निकष आपल्या शिबिरांनाही लावावेत, मग ते शिवाजी पार्कातले असो, विहारातले असो की परदेशातले. शिबिरानंतर रुग्णाच्या हातात कागद असावा, जवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव असावे, आणि महिन्याने कुणीतरी त्याला विचारायला जावे. वस्तीतल्या दोन मुलामुलींना रक्तदाब आणि साखर तपासायला शिकवले, तर ते शिबिर वर्षभर चालते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती चळवळीला लागू आहे. कोटणीस यांनी स्वतःच्या आजाराकडे दुर्लक्ष केले. त्याचा गौरव करायचा मोह होतो. पण ३२ व्या वर्षी गेलेला शिक्षक पुढची तीस वर्षे किती डॉक्टर घडवू शकला असता, याचाही हिशोब करावा. बाबासाहेबांनीही मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने शेवटपर्यंत काम केले, आणि आपण त्यांना ६५ व्या वर्षी गमावले. कार्यकर्त्याने स्वतःचे औषध वेळेवर घेणे हेही चळवळीचेच काम आहे. आपण आपल्या माणसांना तेवढी सवड द्यायला शिकले पाहिजे.

आणि जे चौघे परतले तेही कमी नव्हते. बसू १९४३ मध्ये भारतात आले. पुढे त्यांनी चीनमधून ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेऊन ते इथे रुजवले आणि कोटणीस यांच्या नावाने काम उभे केले. गेलेल्याने मरावेच असे नाही. परत यावे, आणि येताना तिथून काही शिकून यावे.

यंदा चैत्यभूमीवर शिबिरात बसणाऱ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना एक विनंती. ६ तारखेला काम आटोपून थकाल, झोपाल. ९ तारखेला मात्र ओपीडी संपल्यावर पाच मिनिटे काढा आणि शिबिरात तपासलेल्या एखाद्या आजीला फोन करून विचारा, गोळ्या मिळाल्या का. कोटणीस यांची आठवण ठेवण्याची ती चांगली रीत होईल.

जय भीम.